माकुलातील प्रकाशमान जीवाणू: रहिवासी आणि वाटसरू वेगळे कसे ओळखावेत

प्राण्याच्या अंगावर किंवा पोटात एखादा जीवाणू सापडला, एवढ्यावरून तो तेथे राहतो असे म्हणता येत नाही. तो अन्नाबरोबर आलेला असेल, पाण्याबरोबर चिकटलेला असेल, किंवा प्राणी मेल्यानंतर कुजण्याच्या वाटेने आत शिरलेला असेल. उपकारक जीवाणूंविषयी हल्ली पुष्कळ बोलले जाते. दह्याच्या डब्यांवर आणि औषधाच्या पाकिटांवर त्यांची नावे छापलेली असतात. मात्र त्यांतला कोण कायमचा रहिवासी आणि कोण वाटसरू, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. हे मार्गदर्शन त्या प्रश्नासाठी लिहिले आहे. मुंबईच्या मासळी बाजारात मिळणारा माकूल (स्क्विड), थोडे मीठ, एक खरोखर अंधारी खोली आणि पुढच्या टप्प्यासाठी महाविद्यालयाची साधी प्रयोगशाळा एवढ्या सामग्रीवर हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो, आणि माझ्या मते सहजीवन शिकण्याचा याहून सरळ मार्ग आपल्या शहरात दुसरा नाही.

यातील अंधारात पाहण्याचा भाग घरी करता येतो. जीवाणू वाढवण्याचा भाग मात्र प्रयोगशाळेतच आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. याचे कारण असे की, उबदार किनारी पाण्यातील मासळीवर निरुपद्रवी प्रकाशमान जीवाणूंच्या जोडीने त्यांचेच भाऊबंद असलेले, पोट बिघडवणारे किंवा जखमेत शिरणारे व्हिब्रिओ वंशातील जीवाणूही असू शकतात, आणि पोषक माध्यमावर दोघेही सारख्याच जोमाने वाढतात. हातावर जखम असलेल्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हा माकूल हाताळू नये. इतरांनीही हातमोजे घालावेत, आणि प्रयोगासाठी ठेवलेला माकूल नंतर शिजवून खाण्याचा विचारही करू नये.

आधी यजमानाची व्यवस्था समजून घ्यावी

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे, नाहीतर समोर दिसलेल्या उजेडाचा अर्थ लागत नाही. जीवाणू प्राण्याच्या, म्हणजे आपल्या यजमानाच्या, शरीरात वस्ती कशी करतो, हे ज्या प्राण्यामुळे सर्वांत बारकाईने कळले तो आपल्या किनाऱ्यावरचा नाही. हवाई बेटांजवळच्या उथळ समुद्रात राहणारा, जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा, माकुलाचा एक आखूड आणि गोलसर भाऊबंद आहे. त्याचे शास्त्रीय नाव युप्रिम्ना स्कोलोप्स. मार्गारेट मॅकफॉल-न्गाई आणि एडवर्ड रूबी या संशोधकांनी १९९१ मध्ये त्याच्या सहजीवनाच्या पहिल्या टप्प्यांविषयी जे प्रसिद्ध केले, तेथून या विषयाला वेगळेच वळण मिळाले. हा प्राणी दिवसा वाळूत स्वतःला गाडून घेतो आणि रात्री शिकारीला बाहेर पडतो. वरून चांदणे पडत असताना खालून पाहणाऱ्या शत्रूला आपली काळी आकृती दिसू नये, म्हणून तो पोटाच्या बाजूने तेवढाच मंद उजेड सोडतो. तो उजेड निर्माण करतो व्हिब्रिओ फिशेरी हा जीवाणू; नव्या वर्गीकरणात त्याला ॲलिव्हिब्रिओ फिशेरी असेही म्हणतात. माकुलाने त्याच्यासाठी शरीरात एक स्वतंत्र इंद्रिय राखून ठेवलेले असते, आणि त्या प्रकाशेंद्रियाला भिंगासारखी ऊती, मागे परावर्तक थर आणि उजेड कमी-जास्त करण्यासाठी शाईच्या पिशवीचा पडदा अशी सारी सोय असते.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाजवळ हा जीवाणू नसतो. प्रत्येक पिढीला तो समुद्राच्या पाण्यातून नव्याने मिळवावा लागतो, आणि खरी अडचण येथेच आहे. किनाऱ्याजवळच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे दहा लाख जीवाणू असतात व त्यांत या जातीचा वाटा एक हजारांशाहूनही कमी असतो. एवढ्या गर्दीतून नेमका हाच कसा निवडला जातो? पिल्लाच्या अपुऱ्या वाढलेल्या प्रकाशेंद्रियाच्या दोन्ही बाजूंना बाहूंसारखे उंचवटे असतात व त्यांवर पक्ष्माभिका, म्हणजे सतत हलणारे अतिसूक्ष्म केस असतात. जीवाणूंच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन या द्रव्याचे तुकडे पाण्यातून त्यांना लागताच तेथून चिकट श्लेष्म पाझरू लागतो. त्या श्लेष्मात प्रथम अनेक जातींचे ग्रॅम-ऋण, म्हणजे ग्रॅम रंजन या रंग देण्याच्या चाचणीत गुलाबी दिसणारे, जीवाणू गोळा होतात, परंतु थोड्याच तासांत व्हिब्रिओ फिशेरीची सरशी होते. मग कायटिनापासून निघणाऱ्या कायटोबायोज नावाच्या शर्करेचा माग काढत हे जीवाणू प्रत्येक बाजूच्या तीन छिद्रांकडे पोहू लागतात. छिद्रातून आत गेल्यावर लांब नळी, तिच्या शेवटी अरुंद गळा आणि त्यापलीकडे कप्पा अशी रचना असते. बहुतेक वेळा एका कप्प्यातील सारी प्रजा आत पोहोचलेल्या एखाद-दोन पेशींपासूनच वाढते. सुमारे बारा तासांत तेथे पुरेशी दाटी होऊन पिल्लू उजळू लागते.

यापुढचा भाग मला या साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण वाटतो. जीवाणू आत स्थिरावले की, ज्या उंचवट्यांनी त्यांना गोळा केले त्यांतील पेशी मरू लागतात आणि चार-पाच दिवसांत ते उंचवटे नाहीसे होतात. दार उघडे ठेवण्याची गरज संपलेली असते. हा बदल घडवणारा निरोप जीवाणूच देतात, आणि त्या निरोपाचा एक मुख्य घटक २००४ मध्ये ओळखला गेला, तेव्हा तो जुन्या ओळखीचा निघाला. डांग्या खोकल्यात मुलांच्या श्वासनलिकेतील पक्ष्माभिका असलेल्या पेशी ज्या रेणूमुळे नष्ट होतात, तोच हा पेप्टिडोग्लायकनचा तुकडा. एका यजमानात जो रेणू रोग म्हणून ओळखला जातो, तोच दुसऱ्या यजमानात अवयवाची वाढ पूर्ण करतो. रोगकारक आणि उपकारक अशी जीवाणूंची जन्मजात दोन कुळे पाडता येत नाहीत, हे यावरून जितके स्पष्ट होते तितके इतर कशानेही होत नाही. मुंबईसारख्या, १८९६ च्या प्लेगची आठवण आजही बाळगणाऱ्या शहरात जीवाणू म्हटले की प्रथम आजारच डोळ्यांपुढे येतो, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

वस्ती झाल्यावरही यजमानाचे नियंत्रण सुटत नाही. दररोज पहाटे हा प्राणी प्रकाशेंद्रियातील नव्वद टक्क्यांहून अधिक जीवाणू समुद्रात सोडून देतो, उरलेले दिवसभरात वाढून संध्याकाळपर्यंत पुन्हा जागा भरून काढतात, आणि सोडून दिलेल्या जीवाणूंमुळे परिसरातील नव्या पिल्लांना पाण्यात जोडीदार मिळतो. जे जीवाणू उत्परिवर्तनामुळे उजेड देईनासे होतात, ते आत फार काळ टिकत नाहीत. निवड किती नेमकी असते, याचा एक पुरावा २००९ मध्ये मिळाला: एका जपानी माशाच्या प्रकाशेंद्रियातून घेतलेला याच जातीचा वाण युप्रिम्नाच्या पिल्लात नीट वस्ती करू शकत नव्हता, परंतु त्यात एकच नियामक जनुक घातल्यावर तो करू लागला.

तेव्हा रहिवासी जीवाणू शोधताना नजर आधी यजमानाकडे वळवावी. त्याने जागा राखलेली आहे का, त्या जागेत बहुतांशी एकाच प्रकारचा जीवाणू आहे का, आणि तो तेथे शेजारच्या अवयवांपेक्षा कितीतरी अधिक दाटीने आहे का, हे तीन प्रश्न पुढील संपूर्ण प्रयोगात हाताशी ठेवावेत.

माकूल निवडणे

मुंबईच्या बाजारात येणारा नेहमीचा माकूल म्हणजे शास्त्रीय भाषेत युरोट्युथिस डुव्हॉसेली. त्याच्याही पोटात शाईच्या पिशवीवर, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना एकेक असे प्रकाशेंद्रियाचे दोन लहान खंड असतात, म्हणूनच तो या कामाला योग्य आहे. माखली घेऊ नये. दोघे शेजारी मांडलेले असले तरी ओळख सोपी आहे: माकुलाचे शरीर लांबट नळीसारखे असून आत पातळ, पारदर्शक, पिसासारखी पट्टी असते, माखली रुंद व चपटी असून तिच्या पाठीत समुद्रफेन म्हणून विकले जाणारे पांढरे, खडूसारखे कवच असते.

ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर पहाटे गेल्यास सर्वांत ताजा माल मिळतो. दादर, माहीम किंवा आपल्या उपनगरातील बाजारातही सकाळच्या पहिल्या पाट्यांतील माकूल चालतो. विकणाऱ्या मावशींना दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. पहिली, माकूल अख्खा हवा, साफ करून नको. कारण साफ करताना शाईची पिशवी काढून टाकली जाते आणि आपले सारे काम त्या पिशवीवरच आहे. दुसरी, तो नळाच्या पाण्याने धुऊ नये. सागरी जीवाणूंच्या पेशी खाऱ्या पाण्याला सरावलेल्या असतात आणि गोड्या पाण्यात त्या फुगून फुटतात. बर्फाचे पाणीही गोडेच असते, म्हणून बर्फात खोलवर बुडालेला माकूल टाळून वरच्या थरातला घ्यावा, तो कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवून घरी आणावी. कारखान्यात गोठवलेला माकूल या कामाचा नाही, कारण गोठण्यात जीवाणू मोठ्या प्रमाणावर मरतात. जून आणि जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात बाजारात दिसणारा माकूल बहुधा साठवणीतला असण्याची शक्यता धरावी आणि प्रयोग पावसाळ्यानंतर करावा.

त्वचेकडे नीट पाहावे. ताज्या माकुलाच्या अंगावरचे तांबूस-जांभळे ठिपके स्पष्ट आणि वेगवेगळे दिसतात, डोळे स्वच्छ असतात आणि वास समुद्राचा येतो. अंग गुलाबी पडून रंग पसरला असेल, तर कुजण्याची सुरुवात झालेली आहे.

अंधारातील निरीक्षण

एक लिटर पाणी उकळून गार करावे आणि त्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवावे. उकळल्याने पाण्यातील क्लोरीन जातो आणि मीठ समुद्राच्या खारेपणाच्या जवळपास येते. चौपाटीचे पाणी वापरण्याचा मोह टाळावा; त्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही घटतो. उथळ ट्रेमध्ये माकूल ठेवून तो निम्मा बुडेल एवढेच पाणी ओतावे. वरची बाजू ओलसर पण हवेत राहिली पाहिजे, कारण जीवाणूंचा उजेड प्राणवायूशिवाय पडत नाही. ट्रे सैल झाकावा.

मुंबईच्या हवेत खरी अडचण तापमानाची आहे. तीस अंशांच्या आसपास कुजवणारे जीवाणू इतक्या वेगाने वाढतात की प्रकाशमान जीवाणू त्यांच्याखाली दबून जातात. वातानुकूलित खोली २० अंशांच्या जवळ ठेवता आली तर उत्तम, नाहीतर थर्मोकोलच्या खोक्यात ट्रेच्या बाजूला बर्फाच्या सीलबंद पिशव्या ठेवून त्या बदलत राहाव्यात. अठरा ते चोवीस तासांनी निरीक्षण करावे. असह्य वास येऊ लागला, तर तो माकूल टाकून द्यावा.

अंधार मिळवणे हे या शहरातील दुसरे कठीण काम आहे. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड पडद्याच्या फटीतूनही येतो, त्यामुळे खिडकी नसलेले न्हाणीघर किंवा कोठीची खोली निवडावी, दाराखालच्या फटीला चादर लावावी, यंत्रांवरचे लुकलुकणारे छोटे दिवे झाकावेत आणि भ्रमणध्वनी बाहेर ठेवावेत. मग किमान पंधरा-वीस मिनिटे शांत बसावे. मंद उजेड टिपणाऱ्या दृष्टिपटलावरील दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला एवढा वेळ लागतोच, आणि जीवाणूंच्या उजेडाची निळसर-हिरवी छटा, म्हणजे सुमारे ४९० नॅनोमीटर तरंगलांबी, या पेशींना चांगली जाणवते. दंडपेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर नसतात, त्यामुळे ट्रेकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवावी. आधी काहीच दिसत नाही. मग त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके उमटल्यासारखे वाटतात, आणि डोळे हलवले तरी ते जागचे हलत नाहीत, तेव्हा ते खरे आहेत याची खात्री पटते. लहान मुलांनाही सोबत घ्यावे. ट्रेला हात मात्र लावू देऊ नये.

येथे एक गोष्ट फार स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी ती सुटते. त्वचेवर दिसलेला हा उजेड म्हणजे माकुलाचे सहजीवन नव्हे. समुद्राच्या पाण्यात मुक्तपणे राहणारे प्रकाशमान जीवाणू माकुलाच्या अंगावर आधीपासून विखुरलेले असतात. प्राणी मेल्यावर आयते अन्न मिळाल्याने ते वाढतात आणि दाटी झाली की दिसू लागतात. तेच जीवाणू बाजारातल्या दुसऱ्या मासळीवरही असेच उजळू शकतात. या टप्प्यावर आपण पाहिले ते वाटसरू. रहिवासी पाहायचा तर आत जावे लागते.

प्रयोगशाळेतील भाग

यासाठी दुसरा ताजा माकूल घ्यावा. ट्रेमधील जुना वापरू नये, कारण एव्हाना त्याच्या पृष्ठभागावरची वाढ सर्वत्र पसरलेली असते. पोषक माध्यम आदल्या दिवशी तयार ठेवावे. एका लिटरसाठी ७५० मिलिलिटर सागरी पाणी, २५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, ५ ग्रॅम ट्रिप्टोन, ३ ग्रॅम यीस्टचा अर्क, ३ मिलिलिटर ग्लिसरॉल आणि १५ ग्रॅम अगार लागते. सागरी पाणी म्हणून सागरी मत्स्यालयांसाठी मिळणारे तयार मिश्र मीठ विरघळवून वापरावे. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मत्स्यालयाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ते मिळू शकते. साध्या मिठापेक्षा ते बरे, कारण त्यात मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमही असते. मिश्रण ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे निर्जंतुक करून पेट्री डिशमध्ये ओतावे. लहान गावातल्या शाळेत ऑटोक्लेव्ह नसेल, तर पंधरा पौंडांच्या दाबाचा स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर तेच तापमान गाठतो, मात्र तो पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

विच्छेदन करताना माकूल उताणा ठेवावा, म्हणजे ज्या बाजूला नरसाळ्यासारखी नळी आहे ती वर येईल. प्रावाराच्या, म्हणजे बाहेरच्या मांसल नळीच्या कडेपासून मध्यरेषेवर कात्री चालवावी आणि तिचे खालचे टोक सतत वर उचललेले ठेवावे. कात्री खोल गेली तर शाईची पिशवी फुटते आणि सगळे काळे होते. प्रावार दोन्ही बाजूंना पसरून टाचण्यांनी अडकवला की पिसांसारखे दोन कल्ले, मधोमध आतड्याचे टोक आणि त्याला लागून चंदेरी-काळी लांबट पिशवी दिसते. भिंग घेऊन पिशवीच्या पृष्ठभागावर गुदद्वाराच्या उजवी-डावीकडे पाहावे. तेथे दोन फिकट, लांबट, घट्टसर उंचवटे जोडीने बसलेले असतात. आजूबाजूच्या मऊ, घडीदार ऊतीपेक्षा त्यांची कड रेखीव असते आणि तिरका उजेड टाकला तर पृष्ठभाग किंचित चमकतो. हेच प्रकाशेंद्रिय. ते ओळखण्यात घाई करू नये. विद्यार्थ्यांना येथे अर्धा तास लागला तरी तो वाया गेला असे समजू नये, कारण यजमानाने राखलेली जागा प्रत्यक्ष पाहणे हा या अभ्यासाचा गाभा आहे.

एक खंड बारीक चिमट्याने अलगद सोडवून ७० टक्के अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवावा, लगेच निर्जंतुक खाऱ्या पाण्याने दोनदा धुवावा आणि एक मिलिलिटर निर्जंतुक खाऱ्या पाण्यात काचेच्या दांडीने चिरडावा. त्याच वेळी तुलनेसाठी जवळपास तेवढ्याच आकाराचा त्वचेचा, कल्ल्याचा आणि आतड्याचा तुकडाही वेगवेगळ्या नळ्यांत चिरडावा. हे तिन्ही तुकडे अल्कोहोलमध्ये बुडवू नयेत, कारण त्यांच्या पृष्ठभागावर काय आहे हेच पाहायचे आहे. पिशवीत साठलेल्या बर्फाच्या पाण्याचा एक थेंबही वेगळा ठेवावा. प्रत्येक अवयवासाठी चिमटा बदलावा किंवा ज्योतीवर निर्जंतुक करून गार करावा.

मग विरलन. चिरडलेल्या द्रवाचा एक भाग निर्जंतुक खाऱ्या पाण्याच्या नऊ भागांत मिसळावा, त्यातला एक भाग पुन्हा नऊ भागांत, असे सहा वेळा करावे. शेवटच्या नळीत मूळ द्रव दहा लाखांश उरतो. प्रत्येक नळीतील ०.१ मिलिलिटर द्रव एकेका डिशवर पसरावा. डिशच्या तळाशी अवयवाचे नाव व विरलनाचा क्रमांक लिहावा, झाकणावर लिहू नये, कारण अंधारात झाकणे अदलाबदल होतात. डिश उलट्या ठेवून २२ ते २५ अंशांवर वाढू द्याव्यात आणि अठरा ते चोवीस तासांनी अंधाऱ्या खोलीत मोजाव्यात. अठ्ठेचाळीस तासांनंतर पुष्कळ वसाहतींचा, म्हणजे एकेका पेशीपासून वाढून डोळ्यांना दिसणाऱ्या जीवाणूंच्या ठिपक्यांचा, उजेड मंदावतो, त्यामुळे मोजणी पुढे ढकलू नये. झाकण न उघडता, मागच्या बाजूने खूण करत मोजावे: आधी अंधारात उजळणाऱ्या वसाहती, मग दिवा लावून सर्व वसाहती.

मोजणीचा अर्थ कसा लावावा

प्रकाशेंद्रियाच्या डिशमध्ये मोठ्या विरलनानंतरही उजळणाऱ्या वसाहती मिळत असतील आणि त्या सर्व जवळपास एकसारख्या दिसत असतील, तर आपण रहिवाशापर्यंत पोहोचलो असे मानण्यास चांगला आधार आहे. त्वचेच्या डिशमध्ये याउलट पांढऱ्या, पिवळ्या, पसरट अशा नाना वसाहती असतात आणि उजळणाऱ्या त्यांत विखुरलेल्या असतात. आतड्याचा निकाल माकुलाने शेवटी काय खाल्ले यावर पुष्कळ अवलंबून असतो व तो दर माकुलागणिक बदलतो. हा बदलच तेथील जीवाणू बहुतांशी वाटसरू असल्याची खूण आहे. बर्फाच्या पाण्यात उजळणाऱ्या वसाहती भरपूर आल्या, तर सगळा नमुना आधीच मिसळला गेला आहे असे समजून प्रयोग पुन्हा करावा. एकाच माकुलावरून निष्कर्ष काढू नये. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाट्यांतून घेतलेले निदान तीन तरी पाहावेत.

उजळणाऱ्या एका वसाहतीचे ग्रॅम रंजन केल्यास सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी, आखूड, किंचित वक्र दंडगोल दिसतात. एवढ्यावरून जातीचे नाव लिहू नये. या गटातील माकुलांच्या प्रकाशेंद्रियातून फोटोबॅक्टेरियम लियोग्नॅथी हा जीवाणू मिळालेला आहे, आणि आपल्या जाळ्यांत येणाऱ्या लियोग्नॅथिडी कुळातील छोट्या, चपट्या, रुपेरी मासळीच्या अन्ननलिकेभोवतीच्या प्रकाशेंद्रियातही तोच राहतो. परंतु आपल्या डिशमधला कोणता, हे जनुकीय तपासणीशिवाय सांगता येत नाही. या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. जीवाणू तेथे दाटीने आणि जवळजवळ एकट्याने राहतो, एवढे मोजणीने कळते. तो आत कसा शिरला हे दाखवायला जीवाणूविरहित पाण्यात उबवलेली पिल्ले आणि त्यांना मोजून दिलेला जीवाणू लागतो. हवाईच्या प्राण्यावर ते करता आले म्हणूनच त्याच्याविषयी आपण एवढे जाणतो.

चंबूतील उजेड

शुद्ध वसाहत मिळाल्यावर अगाररहित द्रव माध्यमात ती वाढवून पाहावी; अर्ध्या दिवसाच्या या कामातून दोन मोठ्या गोष्टी कळतात. द्रव गढूळ होऊ लागला तरी प्रथम उजेड नसतो, आणि गढूळपणा बराच वाढल्यावर तो झपाट्याने उमटतो. प्रत्येक पेशी एक रासायनिक संकेत बाहेर सोडत असते. दाटी वाढून त्या संकेताची तीव्रता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की सर्व पेशी प्रकाशाची जनुके चालू करतात. नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये या वर्तनाचे वर्णन केले आणि पुढे जीवाणूंच्या परस्पर-संकेतांचे सारे शास्त्र त्यातून उभे राहिले. मोकळ्या समुद्रात विरळ असताना अंधारात राहणारा जीवाणू प्रकाशेंद्रियाच्या बंदिस्त कप्प्यातच का उजळतो, याचे उत्तर हेच आहे.

आता उजळलेला चंबू अंधाऱ्या खोलीत काही मिनिटे न हलवता ठेवावा. द्रव हळूहळू काळवंडतो आणि केवळ पृष्ठभागावर, हवेला लागून, निळसर कडे उरते. चंबू गोल फिरवताच उजेड वरून खाली उतरत क्षणात सगळीकडे पसरतो. ल्युसिफेरेज हे विकर प्राणवायू वापरूनच प्रकाश देते, आणि खालच्या पेशींनी तो संपवलेला असतो. म्हणजे कप्प्यातील जीवाणूंना उजेडासाठी लागणारा प्राणवायूही यजमानाकडूनच मिळावा लागतो.

जे पाण्यातून येत नाहीत

सर्व रहिवासी बाहेरून येत नाहीत, हे ज्याला पडताळायचे आहे त्याने खिडकीतल्या जास्वंदीकडे पाहावे. तिच्यावर कापसासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण झाडाचा रस पितो. त्या रसात साखर भरपूर असली तरी आवश्यक अमिनो आम्ले अपुरी असतात, आणि ती उणीव त्याच्या शरीरातील विशेष पेशींत राहणारे जीवाणू भरून काढतात. हे जीवाणू आईच्या शरीरातून थेट अंड्यात जातात. लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणात तर एका जीवाणूच्या आत दुसरा जीवाणू राहतो. झुरळाच्या मेदऊतीतील ब्लाटाबॅक्टेरियम आणि माव्यातील बुकनेरा यांचाही वारसा असाच आईकडून चालतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या आतच राहिल्याने त्यांचा जनुकसंच इतका आटलेला असतो की नेहमीच्या पोषक माध्यमावर ते वाढतच नाहीत. त्यामुळे वरील डिशची पद्धत त्यांना लागू पडत नाही. दह्यातील जीवाणूंची गोष्ट उलट आहे: ते डिशवर सहज वाढतात, पण आपल्या आतड्यात बहुधा वस्ती करत नाहीत, आणि दही खाणे थांबवले की थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. दही हितकर असते, फक्त त्यातला जीवाणू रहिवासी नसतो.

विल्हेवाट आणि जतन

वापरलेल्या सर्व डिश व नळ्या ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकू नयेत. घरच्या ट्रेमधील पाण्यात ब्लीच घालून अर्धा तास ठेवावे आणि मगच ओतावे. माकूल दोन पिशव्यांत बांधून त्याच दिवशीच्या कचऱ्यात द्यावा. ओटा आणि हत्यारेही ब्लीचने पुसावीत, आणि हातमोजे काढल्यावर हात साबणाने धुवावेत.

शुद्ध वाण पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवायचा असेल, तर दाट वाढलेल्या द्रवात एक-पंचमांश निर्जंतुक ग्लिसरॉल मिसळून तो अतिशीत कपाटात साठवावा. तशी सोय नसल्यास दर आठवड्याला नव्या डिशवर वाण उतरवत राहावे, मात्र उतरवायच्या वसाहतीची निवड दिव्याच्या उजेडात करू नये. प्रयोगशाळेत वारंवार उतरवलेल्या वाणात मंद किंवा पूर्ण अंधाऱ्या पेशी हळूहळू वाढत जातात, कारण उजेड करण्यात शक्ती खर्च होते आणि डिशमध्ये त्या उजेडाची विचारपूस करणारा कोणी नसतो. माकुलाच्या शरीरात अशा पेशी गाळल्या जातात; येथे ते काम आपल्यालाच करावे लागते. म्हणून प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे अंधारात बसावे, सर्वांत तेजस्वी वसाहत डोळ्यांनी निवडावी, डिशच्या मागच्या बाजूला तिच्याभोवती खूण करावी आणि मग दिवा लावून तीच वसाहत निर्जंतुक काडीने उचलून नव्या डिशवर ओढावी.